नवी सर्व्हे जहाजं आली, पण चार्ट ताजे ठेवायला पैसा आणि माणसं कुठून येणार?

दीपस्तंभ

सर्व्हे जहाजांच्या बातम्या सध्या बऱ्याच येतायत. 'संधायक' ३ फेब्रुवारी २०२४ ला आणि 'निर्देशक' १८ डिसेंबर २०२४ ला विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालं, 'इक्षक' ६ नोव्हेंबर २०२५ ला कोचीत. चौथं 'संशोधक' याच मालिकेतलं. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीनं बांधलेली ही ११० मीटर लांबीची जहाजं बघून ऊर भरून येतो. मी व्यापारी जहाजांवर होतो आणि सेकंड मेट (जहाजावरचा एक अधिकारी) असताना चार्ट, म्हणजे समुद्री नकाशे, अद्ययावत ठेवणं हे माझंच काम होतं. त्यामुळे एक गोष्ट बोचते. बातमी जहाज दाखल झालं की संपते. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, त्याला दरवर्षी पैसा लागतो आणि शिकलेली माणसं लागतात, आणि त्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपले अधिकृत समुद्री नकाशे डेहराडूनला तयार होतात, राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयात. १९५४ साली हे कार्यालय तिथे गेलं, 'राष्ट्रीय' हे नाव १९९७ मध्ये मिळालं. कारभार नौदलाचा आणि प्रमुख चीफ हायड्रोग्राफर. पण काम सगळ्यांसाठी. सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातला नववा नियम सांगतो की किनारा असलेल्या प्रत्येक सरकारनं आपल्या पाण्याचं सर्वेक्षण करायचं, चार्ट छापायचे आणि ते ताजे ठेवायचे. तेलाचा टँकर असो, कंटेनर जहाज असो की अलिबागची प्रवासी बोट, सगळ्यांचा भरवसा त्याच आकड्यांवर.

ताजे ठेवायचे म्हणजे काय, ते सांगतो. दर पंधरवड्याला नोटिसेस टु मरिनर्स, म्हणजे चार्टमधले बदल नाविकांना कळवणाऱ्या सूचना, निघतात. कागदी चार्टच्या दिवसांत ब्रिजवर चार्ट टेबलाचा दिवा लावून बसायचं. जांभळट शाईचं बारीक पेन घ्यायचं आणि बोया जिथून जिथे हलला तिथे हलवायचा. जुनी खोली खरवडून काढायची नाही, तिच्यावर एक बारीक रेघ मारायची आणि शेजारी नवी लिहायची. मग डाव्या खालच्या कोपऱ्यात नोटिशीचा क्रमांक आणि साल. तात्पुरत्या नोटिसा पेन्सिलीनं. आता एक्डिसवर, म्हणजे जहाजावरच्या इलेक्ट्रॉनिक चार्टच्या पडद्यावर, हे सगळं फाईल लोड करून होतं. पण ती फाईल बनण्याआधी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन खोली मोजलेली असावी लागते. तिथे काही बदललेलं नाही.

हे काम थांबवलं तर काय होतं, याचा धडा आपल्याच किनाऱ्यावर मिळालेला आहे. कंपनी सरकारच्या काळात मुंबईहून निघणाऱ्या सर्वेक्षकांनी तांबडा समुद्र, इराणचं आखात, मालदीव मोजले. मोर्स्बी, हेन्स ही त्यातली मोठी नावं. १८५७ नंतर खर्च कमी करायचा ठरला आणि १८६३ साली मुंबईचं इंडियन नेव्ही हे दल मोडीत काढलं, सर्वेक्षणही त्याबरोबर गेलं. पुढची दहा-अकरा वर्षं कोणी वाली नव्हता. त्याच काळात सुएझ कालवा उघडला (१८६९), वाफेची जहाजं वाढली, आणि त्यांच्या हातात जुने चार्ट. शेवटी १८७४ मध्ये कलकत्त्यात मरीन सर्व्हे डिपार्टमेंट नव्यानं उभं करावं लागलं, कॅप्टन डंडास टेलर यांच्या हाताखाली. वाचवलेला पैसा कुठे गेला कोण जाणे, पण नवी माणसं घडवायला पुन्हा मुळापासून सुरुवात झाली.

आता आजचं. या चार जहाजांचा करार ३० ऑक्टोबर २०१८ ला झाला, २,४३५ कोटींचा. पहिलं जहाज ३६ महिन्यांत आणि सगळी ५४ महिन्यांत मिळायची होती, म्हणजे एप्रिल २०२३ पर्यंत. पहिलं हातात पडलं डिसेंबर २०२३ मध्ये. जुनं 'संधायक' ४० वर्षं सेवा करून जून २०२१ मध्येच निवृत्त झालं होतं, जुनं 'निर्देशक' तर २०१४ लाच. त्याआधी भावनगरच्या गोदीकडे सहा कॅटमरान सर्व्हे नौका मागवल्या होत्या. २०१२ मध्ये एकटी 'मकर' आली, बाकीच्या आल्याच नाहीत. मधल्या वर्षांत जो किनारा मोजायचा राहिला, तो नवी जहाजं आली म्हणून आपोआप मोजला जात नाही.

माझं म्हणणं एवढंच की सर्वेक्षणाला एकरकमी खरेदीसारखं वागवू नये. दर हंगामाचा ठरलेला पैसा हवा, पुरेशी माणसं हवीत, आणि कुठला भाग शेवटचा कधी मोजला ते लोकांना सहज कळलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

उत्तरा

चांगला धागा. एक प्राथमिक शंका. उपग्रहानं हे सगळं दिसत नाही का? आणि एकदा मोजला की समुद्राचा तळ पुन्हा पुन्हा का मोजायचा?

अनघा_र

उत्तरा, मी नेदरलँड्समध्ये समुद्रतळाच्या डेटावर काम करते, म्हणून मी प्रयत्न करते.

उपग्रहातून पाण्याखालचं थेट दिसतं ते फक्त स्वच्छ आणि उथळ पाण्यात. लक्षद्वीपला थोडंफार जमेल. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी गाळानं पाणी इतकं गढूळ असतं की प्रकाश खाली पोचतच नाही. विमानातून लेझर मारतात त्याचीही तीच अडचण. म्हणून आवाज वापरावा लागतो. जहाजाच्या तळाला मल्टिबीम इको साउंडर असतो, तो पंख्यासारखा आवाज सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या वेळेवरून खोली काढतो.

आता यातली मेख बघा. या पंख्याची रुंदी खोलीवर अवलंबून. साधारण खोलीच्या चौपट धरा. १०० मीटर खोल पाण्यात एका फेरीत ४०० मीटरचा पट्टा मिळतो. १० मीटर पाण्यात फक्त ४० मीटरचा, आणि पट्टे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात, म्हणजे हाती आला ३० मीटर. एक चौरस किलोमीटर भरायला खोल पाण्यात तीन-चार फेऱ्या, उथळ पाण्यात तेहेतीस-चौतीस. बैल वळवून वळवून शेत नांगरावं तसं. आणि जहाजं नेमकी उथळ पाण्यातच अडकतात. म्हणजे जिथे धोका सगळ्यात जास्त, तिथेच काम सगळ्यात संथ आणि महाग. ११० मीटरचं जहाज तिथे जाऊही शकत नाही. त्याच्या पोटातल्या छोट्या सर्व्हे बोटी सोडाव्या लागतात.

शिवाय आवाजाचा वेग. पाण्यात तो सेकंदाला साधारण १,५०० मीटर, पण तापमान आणि खारेपणाप्रमाणे बदलतो. पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी वर गोडं पाणी आणि खाली खारं, असे थर असतात. वेगाचं माप दिवसातून पुन्हा पुन्हा घेतलं नाही तर सपाट तळ कडेनं वाकलेला दिसायला लागतो. भरती-ओहोटीचं गणित वेगळंच, कारण चार्टवरची खोली ही जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीपासून मोजलेली असते.

पुन्हा का मोजायचं? खडक हलत नाही, वाळू हलते. बंदर बांधलं, बंधारा घातला, की प्रवाह बदलतो आणि गाळ दुसरीकडे बसतो. निसर्गही एका दिवसात सगळं बदलू शकतो. २००४ च्या त्सुनामीच्या भूकंपात इंदिरा पॉइंटची, म्हणजे ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाची, जमीन चार मीटरहून जास्त खचली, दीपस्तंभाचा पायथा पाण्यात गेला. त्या दिवशी तिथल्या बेटांभोवतीचे सगळे जुने आकडे बिनभरवशाचे झाले.

तांडेल_हर्णै

अनघाताई, वाळू हलते हे तुम्ही सांगितलंत ते आमच्याकडं रोजचंच हाय. दर पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडावरचा वाळूचा बार कुठं सरकला ते बघितल्याशिवाय पहिली होडी बाहेर काढत नाही. नारळी पौर्णिमेनंतर जुना माणूस नाळीवर उभा राहतो आन शिसं बांधलेली दोरी सोडत वाव मोजतो. आता फिशफाइंडर आलेत, तरी माझे वडील दोरीवरच विश्वास ठेवतात. गेल्या साली जिथनं सरळ आलो तिथं यंदा लाट फुटते, असं नेहमीच.

माझा प्रश्न येगळा हाय. मोबाइलवर जो समुद्राचा नकाशा मिळतो त्यात आमच्या बाजूला मोठमोठे भाग पांढरे नायतर दोन-चार आकडे. खडपं दाखवलीच नाहीत काही ठिकाणी. आम्हाला ठावं हायत, पण बाहेरचा ट्रॉलर येतो त्याला काय ठावं? त्याची होडी फुटली की धावायचं आम्हीच. तो नकाशा सरकारी का कोणी कंपनीनं केलेला, तेही कळत नाही.

दीपस्तंभ

तांडेलदादा, मोबाइलवरचे बहुतेक नकाशे खाजगी कंपन्यांचे असतात, अधिकृत चार्टावरून उतरवलेले. मुळातच सर्व्हे विरळ असेल तर त्यांच्याकडेही विरळच. आणि त्यात एक मोठा तोटा असा की भरवसा किती ठेवायचा ते दिसत नाही. अधिकृत इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये प्रत्येक भागाला दर्जा दिलेला असतो. ए-वन म्हणजे पूर्ण तळ शोधलेला, नेमका सर्व्हे. मग ए-टू, बी, सी, डी असं खाली उतरत जातं, आणि यू म्हणजे दर्जाच ठरवलेला नाही. एक्डिसवर एक बटण दाबलं की चांदण्या दिसतात, जितक्या कमी तितकं सांभाळून. तरुण अधिकाऱ्यांना मी हेच सांगत आलो की आधी चांदण्या बघ, मग खोली बघ.

मोठ्या स्केलचा चार्ट नसला तर काय होतं ते मॉरिशसला दिसलं. जुलै २०२० मध्ये 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं आणि हजारेक टन तेल सांडलं. मोबाइलची रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेलं होतं, ही चूक माणसांचीच. पण त्या किनाऱ्याचा सविस्तर चार्ट जहाजावर नव्हता, हेही चौकशीत निघालं.

मोजपट्टी

मी आयुष्यभर सरकारी हिशेबात काढलं, त्यामुळे मला पैशाची बाजू लिहावीशी वाटते.

समुद्री नकाशाचा खर्च कोणी सोसायचा याची जगात तीन-चार उत्तरं आहेत. ब्रिटननं १९९६ मध्ये टॉन्टनचं आपलं कार्यालय ट्रेडिंग फंड केलं. चार्ट विका आणि स्वतःचं भागवा. त्यांचे चार्ट जगभरच्या जहाजांवर चालतात म्हणून त्यांना ते परवडतं. अमेरिकेत उलट, चार्ट फुकट, खर्च करदात्याचा. न्यूझीलंडमध्ये सरकारी खातं मानकं ठरवतं आणि सर्वेक्षण कंत्राटानं करून घेतं. ऑस्ट्रेलियात कार्यालय संरक्षण खात्यातच आहे, तरी २०२० पासून बरंचसं सर्वेक्षण उद्योगाकडून करून घेण्याची त्यांनी मोठी योजना चालवली आहे.

आपलं कार्यालय नौदलात. त्याचे फायदे आहेत: शिस्त, जहाजं, दूरच्या बेटांपर्यंत पोच. पण पैशाच्या बाबतीत सर्व्हे बोटीची मागणी त्याच रांगेत उभी राहते जिथे पाणबुडी आणि विनाशिका उभ्या आहेत. रांगेत पुढे कोण जाणार हे सांगायला नको. त्यात कोणाचा वाईट हेतू नाही, प्राधान्यक्रमच तसा पडतो.

माझी एक सूचना आहे. आपल्या बंदरांत येणाऱ्या जहाजांकडून दीपगृहांसाठी शुल्क घेतलं जातं. १९२७ च्या दीपगृह कायद्यानं ती सोय होती, २०२१ च्या सागरी दिशादर्शन कायद्यानं पुढे चालू राहिली. त्यामुळे दीपगृह खात्याला दरवर्षी खात्रीचा ओघ आहे. ते शुल्क ज्या तत्त्वावर घेतात, म्हणजे वाट दाखवणाऱ्या सोयीचा खर्च वापरणाऱ्यानं उचलावा, तेच तत्त्व चार्टाला लागू होतं. दिवा दिसला पण तळ माहीत नसला तर काय उपयोग? याच शुल्कात किनारी सर्वेक्षणाचा एक हिस्सा ठेवावा, तो नौदलाच्या मागण्यांबाहेर असावा आणि दरवर्षी त्याचा हिशेब संसदेपुढे यावा. कायद्यात बदल करावा लागेल. अवघड आहे, अशक्य नाही.

पानगळ

मोजपट्टी, सूचना पटली. पण कंत्राटदारांबद्दल मला धास्ती वाटते. तळाची माहिती ही संरक्षणाची गोष्ट आहे. पाणबुडी कुठून जाऊ शकते, कोणत्या किनाऱ्यावर कोण उतरू शकतो, हे सगळं त्यात आलं. २६/११ ला दहशतवादी समुद्रातूनच आले. खाजगी कंपन्यांच्या हाती हे देणं कितपत योग्य?

अनघा_र

पानगळ, धास्ती समजते. पण नियम आता बरेच स्पष्ट झालेत. फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रादेशिक पाण्यातल्या खोलीसाठी अचूकतेची मर्यादा किनाऱ्यापासून ५०० मीटरपर्यंत १० मीटर आणि त्यापुढे १०० मीटर ठरवलेली आहे. त्याहून बारीक डेटा फक्त भारतीय संस्थांनी गोळा करायचा आणि देशातच ठेवायचा. म्हणजे भारतीय कंपनीनं काम करायला वाट आहे, परदेशी कंपनीला नाही. आणि डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात २०३५ पर्यंत नद्या-खाड्या आणि समुद्रतळाचा बारकाईचा डेटा तयार करायचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. ते गाठायचं तर एकट्या नौदलाच्या बोटी पुरतील असं मला वाटत नाही.

शिवाय कुठली माहिती गुपित ठेवायची आणि कुठली सुरक्षेसाठी उघड करायची यात फरक करावाच लागतो. हर्णैच्या खडपाची जागा लपवून देशाचं काय रक्षण होणार? ती न दाखवल्यानं माणसं मात्र बुडू शकतात.

पानगळ

खडपाबद्दल मान्य. तपासणी मात्र सरकारी माणसाच्याच हातात राहिली पाहिजे. कंत्राटदारानं मोजायचं आणि त्यानंच पास करायचं, हे नको.

जुना_सर्व्हे_नाविक

पानगळ यांच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. मी नौदलात सर्व्हे शाखेत होतो. जहाजाचं नाव लिहीत नाही, पण काम कसं चालतं ते सांगतो, कारण इथली चर्चा यंत्रांकडेच जास्त जातेय.

पश्चिम किनाऱ्यावर काम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बोटी सोडताच येत नाहीत. म्हणजे वर्षातले साताठ महिने हातात, त्यातही वारा, दुरुस्ती यात दिवस जातात. उजाडायच्या आत बोट खाली सोडायची. कॉक्सवेननं, म्हणजे बोट हाकणाऱ्यानं, आखलेल्या रेषेवर बोट धरून ठेवायची, वारा आडवा असला तरी. दोन मीटर इकडे तिकडे झालं तर ती रेष पुन्हा. किनाऱ्यावर तंबू टाकून एकजण भरतीच्या खांबाजवळ बसलेला असे, ठरलेल्या वेळेला पाणी कितीवर आहे ते वहीत लिहायचं. आता गेज आपोआप लिहितो, पण तो बंद पडला तर दिवसाचं काम वाया, म्हणून माणूस लक्ष ठेवतोच. संध्याकाळी सगळा डेटा उतरवून रात्री साफ करायचा. माशांचा थवा गेला तरी पडद्यावर उंचवटा दिसतो. तो मासा की खडक, हे ठरवायला नजर लागते, आणि ती नजर यायला वर्षं लागतात.

गोव्यातली राष्ट्रीय हायड्रोग्राफी संस्था त्यासाठीच आहे. तिथल्या अभ्यासक्रमाला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे, सर्वोच्च श्रेणीची, आणि इतर देशांचे अधिकारीही तिथे शिकायला येतात. तिथून शिकून निघालेला माणूस टिकवणं हा खरा प्रश्न. नौदलात बदल्या होतात, त्या व्हायलाच हव्यात. पण डेटा प्रोसेसिंगला बसलेला माणूस हात बसला की उठतो आणि नवा येतो. त्यातून निवृत्तीनंतर खाजगी ऑफशोअर कंपन्या चांगला पगार देतात. मी त्यांना दोष देत नाही, मुलाबाळांचं बघावं लागतं. म्हणून माझं मत असं की डेहराडूनला नागरी कार्टोग्राफर आणि डेटा तज्ज्ञांची संख्या आणि पगार वाढवावा. जहाजावर गणवेशातला माणूस फिरत राहील, पण टेबलावरचा माणूस वीस वर्षं तिथेच असला पाहिजे.

आणि सर्व्हे जहाजांची दुसरी कामं विसरू नका. २००४ च्या त्सुनामीत 'निरूपक' रुग्णालय-जहाज बनून इंडोनेशियाला गेलं. नवी जहाजंही तशी बदलता येतात. चांगलंच आहे ते, आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण तितके दिवस सर्व्हे थांबतो, आणि कार्यक्रम आखताना ते धरलं पाहिजे.

सातासमुद्रापार

मी मेरीलँडमध्ये राहतो. इथली परिस्थिती सांगतो, कारण अमेरिकेकडे बघून 'तिकडे सगळं छान' असं वाटू शकतं.

इथलं कोस्ट सर्व्हे १८०७ सालचं, राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या काळातलं. आता ते 'नोआ'मध्ये आहे, म्हणजे हवामान खातं, मत्स्य खातं आणि नकाशे एकाच छताखाली, वाणिज्य खात्यात. नागरी संस्था असल्याचा फायदा म्हणजे चार्ट आणि सर्व्हेचा डेटाही सगळ्यांना फुकट. पण पैशाच्या रांगेत इथेही ते मागेच. 'रेनियर' आणि 'फेअरवेदर' ही त्यांची सर्व्हे जहाजं १९६८ सालची. बदली जहाजांचा करार २०२३ मध्ये झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सरकारनं नोआतली शेकडो प्रोबेशनवरची माणसं एका फटक्यात काढली, मग कोर्टकज्जे झाले, बरीच अनुभवी मंडळी स्वतःहून बाहेर पडली. वर्तमानपत्रांत हवामान खात्याचीच चर्चा झाली, कारण वादळ टीव्हीवर दिसतं. चार्टवाल्यांबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

गंमत नाही, काळजी वाटते. मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरचा 'फ्रान्सिस स्कॉट की' पूल जहाज आदळून कोसळला तेव्हा इथल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की तळाला काय पडलंय हे सोनारनं बघितल्याशिवाय एकही मोठं जहाज सोडता येत नाही. पूर्ण खाडीवाट खुली व्हायला जून उजाडला.

एक गोष्ट शिकण्यासारखी. कागदी चार्ट बंद करायचं नोआनं २०१९ मध्ये जाहीर केलं आणि पाचेक वर्षांत ते पुरं केलं. सगळी माणसं इलेक्ट्रॉनिक चार्टाच्या कामाला लावली. ब्रिटननं २०२६ पर्यंत कागद बंद करायचं म्हटलं होतं, पण छोट्या बोटींच्या गरजेमुळे ते २०३० च्या पुढे ढकललं.

दीपस्तंभ

सातासमुद्रापार, बाल्टिमोरवरून मुंबईची आठवण झाली. ७ ऑगस्ट २०१० ला 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात गेले आणि मुंबई-जेएनपीटीची वाहतूक काही दिवस ठप्प होती. वाटेत बुडालेले कंटेनर शोधल्याशिवाय जहाजं सोडायची कशी? जलसर्वेक्षक हे बंदराचा कणा आहेत हे तेव्हा सगळ्यांना दिसलं, आणि मग विसरलंही गेलं.

कागद बंद करण्याबद्दल माझं मत वेगळं. आपल्या छोट्या होड्यांवर एक्डिस नाही. तिथे कागद किंवा साधा मोबाइलवर चालणारा अधिकृत नकाशा, यातलं एक तरी हवंच.

पण मोठ्या जहाजांसाठी घड्याळ चालू झालंय. इलेक्ट्रॉनिक चार्टाचं नवं मानक, एस-१००, १ जानेवारी २०२६ पासून वापरता येतं आणि १ जानेवारी २०२९ नंतर बसवल्या जाणाऱ्या एक्डिसना ते सक्तीचं आहे. जुन्या पद्धतीत चार्ट म्हणजे एक स्थिर चित्र. नव्यात तळाची दाट खोली, त्या क्षणाची भरती, प्रवाह असे थर एकावर एक येतात. भरलेलं कंटेनर जहाज आता या तासाला वाटेतून जाऊ शकतं का, हे पडद्यावर दिसेल. वाढवणसारखं नवं बंदर उभं राहतंय, तिथे त्याचा मोठा उपयोग आहे. पण या थरांसाठी मल्टिबीमचा दाट सर्व्हे आणि चालू भरती-गेज लागतात. जुन्या विरळ सर्व्हेवरून एस-१०२, म्हणजे तळाच्या दाट खोलीचा थर, बनत नाही.

अनघा_र

अगदी. आणि एस-१०१ मध्ये, म्हणजे नव्या मानकातल्या मूळ चार्टात, नुसती फाईल बदलून भागत नाही. जुना डेटा यंत्रानं नव्या साच्यात घातला तरी प्रत्येक चार्ट माणसाला तपासावा लागतो. काही वर्षं दोन्ही मानकांचे चार्ट समांतर चालवायचेत, म्हणजे तेवढ्याच माणसांवर दुप्पट काम. जुना_सर्व्हे_नाविक म्हणतात ती टेबलावरची माणसं आत्ता लागणार आहेत, २०२९ ला भरती करून उपयोग नाही.

उत्तरा

मला आता थोडं कळायला लागलंय. मागे बातमी होती की भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटरवरून ११,०९८ किलोमीटर झाला. त्याचा या कार्यालयाशी काही संबंध आहे का?

मोजपट्टी

आहे! त्या मोजणीला डेहराडूनच्या इलेक्ट्रॉनिक चार्टांचा डेटाच आधार होता, १:२,५०,००० स्केलचा. जमीन वाढली नाही, खाडीखुडी बारकाईनं मोजली. महाराष्ट्राचा किनारा त्यात साधारण ८७८ किलोमीटर धरलाय. याचा दुसरा अर्थ असा की मोजायची जबाबदारीही तेवढी वाढली.

तांडेल_हर्णै

ह्ये सगळं वाचून बरं वाटलं, पण मोठ्या बंदरांचं होईल हो. तिथं कंपन्या मागं लागतात. दाभोळ, जयगड, जैतापूर, आन आमच्यासारखी छोटी बंदरं, तिथं कोण येणार? मांडव्याला रो-रो फेरीबोटीच्या वाटेतला गाळ परत परत काढावा लागतो म्हणून तिकडं लक्ष जातं.

आमच्या ट्रॉलरवर फिशफाइंडर आन जीपीएस दोन्ही हायत. रोज शेकडो होड्या जातात येतात. त्या आकड्यांचा उपयोग कोणाला होईल का? द्यायला आमची ना नाही.

जुना_सर्व्हे_नाविक

होईल, तांडेलदादा. असा डेटा चार्टवर थेट चढत नाही, कारण भरतीचं माप आणि आवाजाचा वेग यांची खात्री नसते. पण चार्टवर १२ मीटर लिहिलंय आणि पन्नास होड्यांना तिथे ८ मीटर लागतायत, तर सर्व्हे बोट आधी कुठे पाठवायची ते कळतं. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटना असा लोकांनी दिलेला डेटा गोळा करायला प्रोत्साहन देते. नॉर्वेचे मच्छीमार तर आपापसात खोलीचे आकडे वाटून घेत आलेत. आपल्याकडे मत्स्य सोसायट्या, मेरीटाईम बोर्ड आणि डेहराडून यांनी मिळून एका तालुक्यापुरता प्रयोग करावा. खर्च फार नाही, पण डेटा कोणाचा आणि तो कुठे ठेवायचा हे आधी लिहून ठरवलं पाहिजे, पानगळ यांची काळजी तिथे रास्त आहे.

पानगळ

प्रयोग देशातल्या सर्व्हरवर आणि नौदलाच्या नजरेखाली झाला तर माझी हरकत नाही. खासदारांकडे लेखी मागणी करायची असेल तर मसुद्यावर सही करीन.

मोजपट्टी

मसुदा मी करतो. त्यात तीनच गोष्टी घेऊ: किनारी सर्वेक्षणाला वेगळा दिसणारा वार्षिक निधी, डेहराडूनच्या नागरी पदांची भरती, आणि महाराष्ट्राच्या प्रत्येक लहान बंदराचा शेवटचा सर्व्हे कोणत्या वर्षीचा ते जाहीर करणं. तिसरी गोष्ट विचारायला माहिती अधिकाराचा अर्जही चालेल. कोणी रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं असेल तर बंदरांची यादी द्या.

तांडेल_हर्णै

यादी मी देतो. पण तवर एखादं खडप नकाशात नाही, किंवा बार हललाय, हे आम्हाला आत्ताच कळवायचं असंल तर कुठं कळवायचं?

दीपस्तंभ

त्यासाठी 'हायड्रोग्राफिक नोट' असते. नोटिसेस टु मरिनर्सबरोबर तिचा नमुना येतो आणि कोणीही नाविक ती भरून डेहराडूनला पाठवू शकतो, अधिकारीच असायला हवा असं नाही. त्यात जागेचे अक्षांश-रेखांश लिहा, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर (अक्षांश-रेखांश मोजायची ठरलेली पद्धत) लावलेला आहे ना ते बघून. तारीख आणि वेळ, खोली किती लागली, ती दोरीनं मोजली की फिशफाइंडरनं, आणि फिशफाइंडर असेल तर त्याचा डोळा पाण्याच्या किती खाली बसवलाय ते लिहा. त्या वेळेला भरती होती की ओहोटी, उधाण (मोठी भरती) होतं की भांग (लहान भरती), हेही. कोणत्या चार्टवर ते दाखवलेलं नाही त्याचा क्रमांक माहीत असला तर उत्तम. शक्य असेल तर पडद्याचा फोटो जोडा. एकापेक्षा जास्त होड्यांनी वेगवेगळ्या दिवशी मोजलेलं असेल तर सगळे आकडे द्या, सरासरी काढू नका.

तुमची पहिली नोट मराठीत लिहून मला इथेच निरोपात पाठवा. इंग्रजी फॉर्मवर मी उतरवून देतो.